पिएर शेफेर

पिएर आंरी मारी शेफेर (१४ ऑगस्ट, १९१०, नान्सी, फ्रान्स – १९ ऑगस्ट, १९९५, एक्स-आं-प्रोव्हांस, फ्रान्स) हे फ्रेंच अभियंता, नभोवाणी-अधिकारी, संगीतकार व लेखक होते. ध्वनिमुद्रित आवाज हीच संगीताची सामग्री मानणाऱ्या 'म्युझिक काँक्रेत' अर्थात मूर्त संगीत या प्रकाराचे ते जनक मानले जातात. या संगीताची पहिली वर्षे ध्वनिफितीवर नव्हे, तर ग्रामोफोनच्या तबकड्या आणि टर्नटेबल यांवर गेली. त्यामुळे तबकडीवरील आवाजाचा तुकडा उचलून त्यापासून नवी रचना करण्याच्या, म्हणजे आजच्या भाषेत सँपलिंगच्या, इतिहासात त्यांचे नाव आरंभीच घेतले जाते.

सुरुवातीचे आयुष्य

शेफेर यांचा जन्म संगीतकाराच्या घरात झाला. वडील व्हायोलिनवादक होते, तर आई गायिका होती. मात्र मुलाने संगीताला उपजीविका करावे अशी घरच्यांची इच्छा नव्हती. शेफेर यांनी पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९३४ मध्ये ते स्ट्रासबुर्ग येथे दूरसंचार खात्यात रुजू झाले व १९३६ मध्ये पॅरिसला फ्रेंच नभोवाणीत आले. अभियंत्याची नोकरी आणि संगीताची ओढ या दोहोंना एकत्र आणणारी जागा त्यांना येथे मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचा पराभव झाल्यावर १९४० मध्ये त्यांनी 'जन फ्रांस' ही तरुणांची सांस्कृतिक संघटना उभारली. तिला व्हिशी राजवटीचे अर्थसाहाय्य होते. पुढे त्याच राजवटीच्या काळात १९४२ मध्ये ती बंद पडली. त्यानंतर नभोवाणीत त्यांनी 'स्तुदियो देसे' (चाचणी स्टुडिओ) स्थापन केला. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होत असताना मुक्त फ्रेंच नभोवाणीचे प्रक्षेपण याच गटाच्या पुढाकाराने झाले. शेफेर यांच्या आयुष्याचा हा भाग संगीताच्या इतिहासात सहसा दोन ओळींत आटोपला जातो. परंतु पुढे प्रयोगांसाठी लागणारी यंत्रे आणि मोकळीक त्यांना मिळाली ती याच स्टुडिओमुळे. युद्धानंतर त्याचे नाव 'क्लब देसे' असे झाले.

टर्नटेबलांचे प्रयोग

१९४८ मध्ये शेफेर यांनी केवळ आवाजांची एक सिंफनी रचण्याचे ठरवले. आरंभी ते घंटा, खुळखुळे, शिट्ट्या, भोंगे अशा वस्तू स्टुडिओत जमवत राहिले. लवकरच त्यांच्या लक्षात आले की वस्तू बदलत राहिल्याने नवे संगीत निर्माण होत नाही. ते निर्माण होते ध्वनिमुद्रणावर हस्तक्षेप केल्याने. त्या वर्षीच्या वसंतात त्यांनी एका वाद्याची कल्पना टिपून ठेवली. त्या वाद्यात ऑर्गनसारखी पट्टी असावी, प्रत्येक कळीला एक टर्नटेबल जोडलेले असावे आणि त्यावर हवी ती तबकडी ठेवता यावी. हे वाद्य तबकड्यांवर कधी बनले नाही. प्रत्यक्षात त्यांना नभोवाणीच्या स्टुडिओत होती तीच साधने वापरावी लागली. त्यांत काही टर्नटेबल, तबकडीवर थेट चर कोरणारे यंत्र, आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या कळांचा मिश्रणफलक, गाळण्या आणि मायक्रोफोन एवढे साहित्य होते.

या मर्यादित मांडणीतून दोन महत्त्वाचे शोध लागले. पहिला 'बंद चर'. नेहमीच्या तबकडीवरील चर नागमोडी सर्पिलाप्रमाणे आत सरकत जातो. कोरताना तो स्वतःलाच येऊन मिळाला, तर सुई त्याच वर्तुळात अडकते व तेवढाच आवाज पुनःपुन्हा वाजतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर अशी एक आवृत्ती पाऊण सेकंदाहून किंचित अधिक काळाची असते. तेच तेच बोलणाऱ्याची पिन अडकली, असे मराठीत म्हटले जाते. शेफेर यांनी हा दोषच मुद्दाम घडवला. त्यांच्या ध्यानात असे आले की एखादा आवाज अनेकदा सलग ऐकल्यावर तो कशाचा आहे हा प्रश्न मागे पडतो आणि त्याचा पोत, चढउतार व लय ऐकू येऊ लागते.

दुसरा शोध 'कापलेल्या घंटे'चा. घंटेचा टोल पडून गेल्यावर मिश्रणफलकाची कळ उघडली, तर टोलाचा आघात गाळला जाऊन मागचा नाद तेवढा मुद्रित होतो. असा नाद घंटेपेक्षा एखाद्या सुषिर वाद्यासारखा भासतो. वाद्याची ओळख त्याच्या आरंभीच्या क्षणात किती दडलेली असते, हे यातून दिसून आले. याशिवाय तबकडी उलटी फिरवणे आणि वेग बदलणे याही क्रिया होत्या. ७८ फेऱ्यांची तबकडी ३३⅓ फेऱ्यांवर वाजवली की आवाज एका सप्तकाहून अधिक खाली उतरतो आणि तितकाच लांबतो. मात्र वेग ठरावीक असल्याने मधले स्वर मिळत नसत, ही या साधनाची मोठीच अडचण होती.

पॅरिसच्या बातिन्योल रेल्वेस्थानकावर इंजिनांचे आवाज मुद्रित करून त्यांनी रेल्वेवरील अभ्यासरचना सिद्ध केली. ही रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे. तिच्यासह पाच अभ्यासरचना ५ ऑक्टोबर, १९४८ रोजी 'आवाजांची मैफल' या नावाने नभोवाणीवरून प्रसारित झाल्या. दोन रचनांसाठी पियानो वाजवणारा तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पिएर बुलेझ होत. दुसऱ्या एका रचनेत स्वयंपाकाची भांडी आणि नट साशा गीत्री यांचा आवाज आहे. तो आवाज ध्वनिमुद्रण बिघडल्याने टाकून दिलेल्या तबकडीवरून घेतला होता.

१९४९ मध्ये तालवादक व संगीतकार पिएर आंरी त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून 'एकट्या माणसासाठी सिंफनी' रचली. १८ मार्च, १९५० रोजी पॅरिसमधील एकोल नॉर्माल द म्युझिक येथे ती श्रोत्यांसमोर सादर झाली. रंगमंचावर वादक नव्हते. शेफेर आणि आंरी टर्नटेबल व मिश्रणफलक हाताळत होते. तबकड्या अचूक क्षणी सुरू करणे व त्यांचे आवाज जुळवणे हे काम अतिशय जिकिरीचे होते. पुढे संक्षिप्त केलेल्या या रचनेवर १९५५ मध्ये मोरीस बेजार यांनी बॅले बसवला.

ध्वनिफीत आणि वाद

१९५१ मध्ये शेफेर, आंरी आणि अभियंता झाक पूलँ यांनी संशोधनगट स्थापन केला व त्यांचा स्टुडिओ ध्वनिफितीकडे वळला. 'फोनोजेन' या नव्या यंत्रात बारा कळा होत्या; कळ दाबली की फितीचा वेग बदलून सप्तकातील बारा स्वरांपैकी एक मिळे. ऑर्गनच्या पट्टीची जुनी कल्पना अशा रीतीने अंशतः साकार झाली, पण टर्नटेबल वगळून.

ऑलिव्हिए मेस्यां, कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन, बुलेझ इत्यादींनी या स्टुडिओत काम केले. मात्र बुलेझ यांच्यासारख्यांशी शेफेर यांचे पटले नाही. आधी स्वरलेखन करून मग आवाज घडवणारी पद्धत त्यांना मान्य नव्हती. आधी ऐकावे आणि ऐकलेल्यातून रचावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५३ मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेन महोत्सवात 'ऑर्फे ५३' सादर झाल्यावर श्रोत्यांनी तीव्र नापसंती दर्शवली.

उत्तरकाळ

१९६० मध्ये शेफेर फ्रेंच नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. 'ले शादोक' ही गाजलेली व्यंगचित्रमालिका याच विभागाने निर्माण केली. १९६६ मध्ये त्यांचा 'नादवस्तूंवरील प्रबंध' हा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्रोत किंवा अर्थ बाजूला ठेवून आवाजाकडे केवळ आवाज म्हणून पाहण्याची शिस्त त्यात मांडली आहे; तिचे मूळ बंद चराच्या अनुभवात आहे. १९६८ पासून त्यांनी पॅरिसच्या संगीतविद्यालयात अध्यापन केले.

पुढील काळात स्वतःच्या कार्याविषयी त्यांचे मत कठोर होत गेले. नवे आवाज सापडले, पण परंपरागत स्वरांना पर्यायी संगीत सापडले नाही, असे त्यांनी १९८६ च्या एका मुलाखतीत सांगितले. अखेरच्या वर्षांत त्यांना अल्झायमर रोगाने ग्रासले होते.

टर्नटेबलवादनाशी संबंध

हिप-हॉपमधील स्क्रॅचिंग शेफेर यांच्यापासून आले, असे विधान कधी कधी केले जाते. ते योग्य नाही. ती कला १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील नृत्यमेळाव्यांतून स्वतंत्रपणे वाढली. स्क्रॅच करण्याच्या शोधाचे श्रेय ग्रँड विझर्ड थिओडोर यांना दिले जाते. साधनेही वेगळी होती. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या यंत्रात तबकडीची बैठक पट्ट्याऐवजी थेट मोटरवर बसते. त्यामुळे तबकडी हाताने रोखून सोडताच वेग पटकन पूर्ववत होतो. बैठक व तबकडी यांमधील निसरडी चकती आणि दोन टर्नटेबलांमधील आवाज क्षणात बदलणारी सरकती कळ ही त्याच मांडणीची इतर अंगे होत. घरी असा संच जुळवणारे आजही प्रथम हेच तीन घटक पाहतात. शेफेर यांना आवृत्तीसाठी तबकडीवर नवा चर कोरावा लागे. ब्राँक्सचे वादक एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून मागे घेत व तोच तुकडा हवा तितका वेळ चालवत.

पुढे सँपलर यंत्रांनी आवृत्ती, उलट वादन व वेगबदल या तिन्ही क्रिया एका कळीखाली आणल्या. बंद चर मात्र तबकड्यांवर टिकून राहिला. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स' या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी तो कोरलेला आहे. सुई हाताने उचलेपर्यंत तो वाजत राहतो.