स्टॉपवॉचवाला मनाचा डॉक्टर

परीक्षेचे दिवस. कॉलेजच्या ग्रुपवर शे-दीडशे मेसेज येऊन पडलेत. आपण अंगठ्याने भराभर खाली सरकतोय. नोट्स, मीम्स, गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या तरी बर्थडेचा केक. धड काहीच वाचत नाही. आणि मध्येच अंगठा थांबतो. 'एटीकेटी' एवढा एकच शब्द दिसलेला असतो. पूर्ण वाक्य वाचलेलं नसतं, कुणाबद्दल आहे तेही कळलेलं नसतं, पण पोटात गोळा आलेला असतो. ज्याचे सगळे विषय सुटलेत तो मात्र त्याच शब्दावरून आरामात पुढे जातो.

शब्द तोच, अक्षरं तीच. मग एकाचा अंगठा थांबतो आणि दुसऱ्याचा नाही, असं का?

सव्वाशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधला एक तरुण डॉक्टर जवळपास याच प्रश्नाच्या मागे लागला होता, तोही हातात स्टॉपवॉच घेऊन. त्याचं नाव कार्ल गुस्टाव युंग. आपण इन्स्टाच्या बायोमध्ये 'इन्ट्रोव्हर्ट' लिहितो ना, तो शब्द आज ज्या अर्थाने वापरतो तो युंग यांच्या १९२१ च्या पुस्तकामुळे रुळला. आणि अमक्याला कसला तरी कॉम्प्लेक्स आहे असं आपण सहज म्हणून जातो, तो 'कॉम्प्लेक्स' तर थेट या स्टॉपवॉचच्या प्रयोगांतून लोकांच्या तोंडी आला.

शाळा म्हटली की चक्कर

युंग यांचा जन्म २६ जुलै १८७५ चा, केसविल नावाच्या तळ्याकाठच्या गावातला. वडील चर्चमध्ये पाद्री. घरची परिस्थिती बेताची. लहानपण बाझेल शहराजवळच्या गावात गेलं आणि पुढची शाळा बाझेलमध्येच झाली. तिथे सगळी पैसेवाल्यांची मुलं, आणि हा फाटक्या बुटांनी चालत येणारा.

बारा वर्षांचा असताना एका मुलाने त्याला ढकललं. डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. लागलं फार नव्हतं, पण त्यानंतर एक विचित्रच प्रकार सुरू झाला. शाळेत जायची वेळ झाली किंवा अभ्यासाला बसवलं की कार्लला चक्कर यायची. डॉक्टर झाले, उपाय झाले. सहा महिन्यांहून जास्त काळ तो घरीच होता. रानात भटकायचं, चित्रं काढायची, वडिलांच्या कपाटातली पुस्तकं वाचायची. एकदम मजा.

मग एक दिवस वडील घरी आलेल्या मित्राशी बोलत होते, आणि कार्ल झुडपामागे लपून ऐकत होता. मुलाचा आजार बरा झाला नाही तर हा पुढे पोट कसं भरणार, या काळजीने वडील पार खचलेले होते. होते नव्हते ते पैसेही संपले होते. ते ऐकलं आणि मुलगा हादरला. तसाच आत गेला आणि लॅटिनचं पुस्तक उघडून बसला. चक्कर आली, तरी उठला नाही. पुन्हा आली, तरी वाचत राहिला. काही आठवड्यांनी तो शाळेत परत गेला आणि चक्कर येणं कायमचं थांबलं.

म्हातारपणी आठवणी सांगताना युंग यांनी ही गोष्ट आवर्जून सांगितली. तो मुलगा नाटक करत नव्हता, चक्कर खरीच येत होती. पण तिच्यामागचं कारण त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. आपल्याच आतलं काहीतरी आपल्याला न विचारता शरीराला कामाला लावतं, हे त्याला बाराव्या वर्षीच कळलं.

शंभर शब्द आणि एक घड्याळ

१८९६ मध्ये वडील गेले. नातेवाइकांच्या मदतीवर युंग यांनी बाझेलमध्ये मेडिकल पूर्ण केलं. त्या काळात मनोविकारांकडे वळणं म्हणजे करिअर बुडवणं असं डॉक्टर मंडळींना वाटायचं. युंग तरीही तिकडेच गेले. डिसेंबर १९०० मध्ये झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयात ते रुजू झाले. वय पंचवीस, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांपेक्षा जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठे.

तिथले प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांना शब्दांच्या प्रयोगात रस होता. प्रयोग साधा होता. समोरच्याला एक शब्द सांगायचा आणि त्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी हे आधीच स्वतःवर करून पाहिलं होतं. पण सगळ्यांचं लक्ष उत्तराकडे असायचं: कुणी काय म्हटलं, कोणता शब्द कशाशी जोडला. जिथे उत्तर उशिरा यायचं किंवा यायचंच नाही, तो प्रयोगातला बिघाड समजून बाजूला पडायचा.

युंग आणि त्यांचे सहकारी फ्रान्झ रिकलिन यांनी नेमका तो बिघाडच उचलला.

युंग यांची शंभर शब्दांची यादी होती. डोकं, हिरवा, पाणी, गाणं, मृत्यू, जहाज, खिडकी... साध्या शब्दांमध्ये मनाला लागतील असे शब्द मिसळलेले. हातातलं स्टॉपवॉच सेकंदाचा पाचवा भाग मोजायचं. बहुतेक उत्तरं दोनेक सेकंदांत यायची. मग मध्येच एखाद्या शब्दाला चार, पाच, सहा सेकंद लागायचे. कुणी तो शब्दच परत म्हणायचा, कुणाला नीट ऐकू यायचं नाही, कुणी उगाच हसायचं. यादी संपली की तीच पुन्हा पहिल्यापासून घ्यायची आणि मघाशी काय उत्तर दिलं होतं ते विचारायचं. जिथे आधी अडखळणं झालं होतं, बरोबर त्याच ठिकाणची उत्तरं अनेकदा विसरलेली असायची.

आणि समोरच्याला विचारलं तर आपण अडखळलो होतो याचाच त्याला पत्ता नसायचा.

युंग यांनी याचा अर्थ असा लावला की काही शब्द आतल्या एखाद्या दुखऱ्या जागेला जाऊन लागतात. तिथे आठवणी, भीती, लाज, प्रेम यांचा भावनेने बांधलेला गुंता असतो. या गुंत्याला त्यांनी कॉम्प्लेक्स म्हटलं. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर माणसाच्या हाताला गॅल्व्हानोमीटर जोडूनही प्रयोग केले. लागणारा शब्द आला की तळहाताला किंचित घाम येतो, वीज जास्त सहज वाहते आणि काटा हलतो. त्यांच्या एका विद्यार्थिनीने अनेक कुटुंबांवर हीच चाचणी घेतली, तेव्हा आई आणि मुलीची उत्तरं खूपदा जुळताना दिसली. घरातला गुंतासुद्धा वारशाने मिळत असावा, असं युंग यांना त्यातून वाटलं.

जिचं दुःख कुणी विचारलंच नव्हतं

बुर्गहोल्झ्लीत एक तरुण बाई दाखल होती. असाध्य मनोविकार असा शिक्का तिच्यावर बसला होता. युंग यांना ते पटेना. त्यांनी तिची शब्दांची चाचणी घेतली, तिची स्वप्नं ऐकली, आणि कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट बाहेर आली. तिचं एका श्रीमंत घरातल्या मुलावर प्रेम होतं. त्याला आपण आवडत नाही असं समजून तिने दुसऱ्याशी लग्न केलं. पाच वर्षांनी एक जुना मित्र भेटला आणि बोलता बोलता सांगून गेला, की तिच्या लग्नाने त्या मुलाला मोठा धक्का बसला होता. तिथून ती खचत गेली. त्याच दिवसांत मुलांना आंघोळ घालताना लहान मुलगी स्पंज चोखत होती. पाणी नदीचं, पिण्याच्या लायकीचं नसलेलं. आईला दिसत होतं, पण तिने थांबवलं नाही. मुलगी टायफॉइडने गेली.

आता हे तिला सांगायचं का? सांगितलं तर ती कायमची कोसळू शकत होती. गप्प राहिलं तर ती तशीच वॉर्डात सडणार होती. युंग यांनी सहकाऱ्यांना न विचारता धोका पत्करला आणि तिला सगळं सांगितलं. दोन आठवड्यांत ती घरी गेली आणि पुन्हा कधी दाखल झाली नाही.

पण हीच चाचणी दुसऱ्या कामालाही वापरता येत होती. चोरीचा संशय असलेल्या माणसासमोर नेहमीच्या शब्दांत चोरीशी संबंधित शब्द पेरायचे आणि कुठे अडखळतो ते बघायचं. युंग यांनी ते करून पाहिलं आणि संशयितांनी कबुलीही दिली. मात्र १९०६ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी एका व्याख्यानात सावध केलं. काही माणसं गुन्हा न करताही अपराधी भावनेत जगत असतात. ती त्याच शब्दावर अडखळतील आणि आपण निर्दोष माणसाला धरू. मुद्दा बिनतोड होता. उशीर एवढंच सांगतो की इथे काहीतरी आहे. काय आहे, ते सांगत नाही. आपल्याकडेही २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयिताच्या संमतीशिवाय पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग किंवा नार्को चाचणी करायला मनाई केली. शंभर वर्षांनीही वाद संपलेला नाही.

कानावरून डोळ्यांवर

युंग शब्द बोलून दाखवायचे. वाचलेल्या शब्दाचं काय, हे पुढच्या पिढ्यांनी तपासलं. १९४९ मध्ये अमेरिकेत एलियट मॅकगिनीज यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पडद्यावर क्षणभर शब्द दाखवले. साधे शब्द पटकन ओळखू आले. अश्लील किंवा अवघड वाटणारे शब्द जास्त वेळ दाखवावे लागले. आणि शब्द काय आहे ते विद्यार्थ्यांनी सांगण्याआधीच त्यांच्या हाताची त्वचा प्रतिक्रिया देत होती. लगेच आक्षेपही आले. असे शब्द तेव्हा छापील मजकुरात क्वचितच दिसत, म्हणून ते ओळखायला वेळ लागत असेल. किंवा शब्द दिसला असेल, पण सरांसमोर बोलायची लाज वाटली असेल!

नंतर प्रयोग काटेकोर झाले. अक्षरं स्क्रीनवर येतात आणि हा खरा शब्द आहे की नुसती जुळवलेली अक्षरं, एवढंच बटण दाबून सांगायचं. शब्द किती लांब, किती वापरातला, हे सारखं ठेवलं जातं. लंडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की आनंदाचे आणि दुःखाचे, दोन्ही प्रकारचे शब्द भावनाशून्य शब्दांपेक्षा लवकर ओळखले जातात. पण काम बदललं, शब्दाचा अर्थ सोडून त्याच्या शाईचा रंग सांगायला सांगितला, की आपल्या काळजीशी जोडलेल्या शब्दांवर माणूस रेंगाळतो. म्हणजे शब्द ओळखायचा असेल तर भावना मदत करते. शब्दाकडे दुर्लक्ष करायचं असेल, तर तीच भावना लक्ष धरून ठेवते. ग्रुपवर 'एटीकेटी' शे-दीडशे मेसेजमधून उठून का दिसतं आणि दिसल्यावर पुढे का जाता येत नाही, या दोन्हींचं उत्तर कदाचित इथे आहे.

डॉक्टरही माणूसच

१९०६ मध्ये युंग यांनी आपल्या प्रयोगांचं पुस्तक फ्रॉइड यांना पाठवलं. पुढच्या वर्षी दोघे भेटले तेव्हा जवळपास तेरा तास बोलत होते. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात युंग यांनी याच चाचणीवर व्याख्यानं दिली. १९१३ पर्यंत दोघांची मैत्री पार तुटली. स्टॉपवॉच मागे पडलं आणि युंग स्वप्नं, मिथकं, धर्म यांच्याकडे वळले. डिसेंबर १९३७ मध्ये ते सायन्स काँग्रेससाठी भारतात आले, मुंबईत उतरले. कोलकात्यात पोट इतकं बिघडलं की दहा दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले.

दुसऱ्यांच्या मनातले गुंते शोधणाऱ्या या माणसाला स्वतःचे सगळे दिसले असं नाही. सबिना श्पिलराइन या तरुण पेशंटशी वागताना डॉक्टरने पाळायची मर्यादा त्यांनी पाळली नाही. पुढे ती स्वतः मोठी मनोविश्लेषक झाली. नाझी काळात जर्मन वर्चस्वाखाली असलेल्या मानसोपचार संघटनेचं अध्यक्षपद स्वीकारल्याबद्दलही त्यांच्यावर आजपर्यंत टीका होते. ६ जून १९६१ ला, पंच्याऐंशीव्या वर्षी, झुरिकजवळच्या क्यूसनाख्तमधल्या घरी ते गेले.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी होस्टेलवर रूममेटला बसवलं आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वीस शब्द घेतले. पाणी, टेबल, बस, पाऊस, फटाफट उत्तरं. 'घर' म्हटलं आणि ती थांबली. मग हसली आणि मला म्हणाली की नीट ऐकू नाही आलं. आकडा माझ्यासमोर होता. विचारावंसं खूप वाटलं, पण मी युंग नाही आणि ती माझी पेशंट नाही. मी यादीतला पुढचा शब्द घेतला. घड्याळ मात्र बंद करून ठेवलं, तिला कधी बोलावंसं वाटलं तर वेळ कमी पडू नये म्हणून.