विद्या न येणाऱ्या मुलाचे गुरू

दत्तसंप्रदायाचे थोर यती श्रीनृसिंह सरस्वती यांचा जन्म परंपरेनुसार इ. स. १३७८ च्या सुमारास वऱ्हाडातील कारंजा येथे झाला. ओंकाराखेरीज बालक नरहरीच्या मुखातून शब्द फुटेना, तेव्हा मातापित्यांना घोर चिंता लागली. मुंजीच्या वेळी मात्र त्याने वेदमंत्र उच्चारले, अशी गुरुचरित्रातील कथा आहे. पुढे काशीस संन्यास घेऊन व तीर्थाटन करून ते कृष्णाकाठी औदुंबर येथे आले.

तेथेच त्यांना कोल्हापूरचा तो पोरका ब्राह्मणकुमार भेटला. पाठांतर होईना, लोकनिंदा सोसवेना, म्हणून त्याने पलीकडच्या तीरावरील भिलवडीच्या भुवनेश्वरीस आपली जीभ कापून वाहिली होती. देवीच्या दृष्टांताने तो नदी ओलांडून आला. स्वामींनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. त्याला वाचा दिली आणि विद्याही दिली.

नृसिंहवाडीस १२ वर्षे राहून स्वामी आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापुरी, भीमा-अमरजा संगमी आले. तो बहमनी राजवटीचा काळ. बिदरच्या राजाकडून मान मिळवलेले दोन गर्विष्ठ पंडित वादासाठी आले, तेव्हा स्वामींनी समाजाने दूर लोटलेल्या एका पतिताच्या तोंडून वेद वदवले. भस्माने जागी झालेली त्याची पूर्वजन्मांची स्मृती भस्म धुताच पुसली गेली. सुमारे दोन तपांनंतर स्वामी श्रीशैलाकडे निघून गेले. कडगंचीच्या सरस्वती गंगाधरांनी कन्नड मुलखात राहून हे चरित्र मराठीत ओवीबद्ध केले.

आजही बाधा झाली या समजुतीने अनेक तरुणांना गाणगापुरी आणले जाते. गोमंतकातूनही भाविक तेथे जातात. त्या तरुणांपैकी काहींना सायकोसिस हा मनोविकार असू शकतो. तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस वा विशीत प्रकट होतो. भास होण्याआधीच अनेकांची स्मरणशक्ती व एकाग्रता ढळू लागते. हुशार विद्यार्थी मागे पडतो आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. औषधांनी भास ओसरले, तरी वाचलेले लक्षात न राहण्याची अडचण पुष्कळदा उरते. तिच्यासाठी स्मरण व अवधानाचा नियमित सराव, थोडा थोडा अभ्यास आणि शाळेची सवलत लागते. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितके हित अधिक.

संगमावर स्नान करून आलेल्या कुटुंबाने मुलाला बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेले, तर श्रद्धेस बाध येत नाही. कोल्हापूरच्या त्या मुलालाही आधी निंदा थांबवणारे कोणीतरी हवे होते.