नूर इनायत खान : पॅरिसमध्ये एकाकी राहिलेल्या संदेशवाहक

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेल्या पहिल्या महिला बिनतारी संदेशवाहक म्हणून नूर इनायत खान यांची इतिहासात नोंद आहे. 'अ कॉल टू स्पाय' या २०१९ च्या चित्रपटात राधिका आपटे यांनी त्यांची भूमिका केली आणि हे नाव मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचे झाले. हेरकथांची नायिका सहसा धाडसी, चलाख आणि खोटे बोलण्यात पटाईत असते. नूर यांच्यापाशी यांपैकी धाडस तेवढे होते. त्यांची कहाणी वेगळी ठरते ती त्यामुळेच.

नूर यांचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे झाला. त्यांचे वडील हजरत इनायत खान हे मूळचे बडोद्याचे गायक व सूफी उपदेशक, तर आई ओरा रे बेकर या अमेरिकन होत्या. इनायत खान यांचे मातामह मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली होती. मौलाबक्ष यांच्या पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातील होत्या. या नात्यावरून वृत्तपत्रे नूर यांना आजही राजकन्या संबोधतात. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्यात राजवैभव कोठेच आढळत नाही. पॅरिसजवळील सुरेन येथे त्यांचे बालपण गेले. १९२७ मध्ये दिल्ली येथे वडिलांचे निधन झाले. पतिनिधनाच्या दुःखाने आई खचली आणि तीन धाकट्या भावंडांचा सांभाळ तेरा वर्षांच्या नूर यांच्याकडे आला.

पुढे त्यांनी सोर्बोन विद्यापीठात बालमानसशास्त्राचे आणि नादिया बुलांजे यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले. त्या हार्प वाजवीत, मुलांसाठी कथा लिहीत. जातककथांपैकी वीस कथा त्यांनी इंग्रजीत सांगितल्या. हे पुस्तक १९३९ मध्ये लंडन येथे प्रकाशित झाले, त्याच वर्षी युद्धाला तोंड फुटले.

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव होत असताना हे कुटुंब बोर्दोमार्गे इंग्लंडला पोहोचले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या नूर आणि त्यांचे बंधू विलायत यांच्यासमोर प्रश्न होता तो शस्त्र न उचलता नाझींचा प्रतिकार कसा करावा, हा. नूर नोव्हेंबर १९४० मध्ये हवाई दलाच्या महिला साहाय्यक सेवेत दाखल झाल्या. तेथे त्यांना बिनतारी संदेशवहनाचे प्रशिक्षण देण्यात आले. अधिकारीपदासाठीच्या मुलाखतीत, युद्ध संपल्यावर आपण भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेऊ, असे त्यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांना स्पष्टपणे सांगितले होते.

अस्खलित फ्रेंच आणि बिनतारी यंत्रावरील प्रभुत्व यांमुळे 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' या गुप्त संघटनेचे लक्ष त्यांच्याकडे गेले. प्रशिक्षकांचे अहवाल मात्र अनुकूल नव्हते. त्या भावनाप्रधान आहेत, हेरगिरीस अयोग्य आहेत, असे काहींचे मत पडले. फ्रान्स विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी हे आक्षेप बाजूला सारले. त्यांना संदेशवाहकांची तातडीची गरज होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

१६ जून १९४३ च्या रात्री एका लहान लायसँडर विमानाने नूर यांना फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. त्यांचे सांकेतिक नाव होते मादलेन. फ्रान्सिस सटिल यांच्या 'प्रॉस्पर' जाळ्यात त्यांना काम करायचे होते. परंतु अवघ्या आठवड्याभरात, २४ जून रोजी, सटिल पकडले गेले. पाठोपाठ त्यांचे बहुतेक सहकारीही जर्मनांच्या हाती लागले. लंडनने परत येण्यास सुचवले असता नूर यांनी नकार दिला, कारण त्या गेल्या असत्या तर तेथील उरलेल्यांचा लंडनशी संपर्क तुटला असता.

पुढील साडेतीन महिने त्यांनी पॅरिसमध्ये ज्या रीतीने काम केले ते विलक्षणच म्हणावे लागेल. प्रक्षेपणाचा माग काढणाऱ्या जर्मन गाड्या शहरभर फिरत असल्याने एका जागी फार वेळ थांबणे म्हणजे पकडले जाणे. नूर पेटीत यंत्र घेऊन घरे बदलत राहिल्या, केसांचा रंग बदलत राहिल्या. मेट्रोत दोन जर्मन सैनिकांनी पेटीविषयी विचारले असता, हे सिनेमाचे यंत्र आहे, अशी थाप त्यांनी मारल्याचा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. खोटे बोलणे जमत नाही म्हणून ज्यांच्याविषयी शंका घेतली गेली, त्यांनी हे केले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये एक लाख फ्रँकच्या मोबदल्यात कोणीतरी त्यांचा ठावठिकाणा जर्मनांना सांगितला. युद्धानंतर या फितुरीबद्दल एका स्त्रीवर फ्रान्समध्ये खटला चालला, पण ती निर्दोष सुटली. अटकेत नूर यांच्यासोबत यंत्र सापडले, आणि सापडली एक वहीही. पाठवलेल्या संदेशांच्या प्रती त्यांनी तीत जपून ठेवल्या होत्या. लेखी आदेशात संदेशांच्या 'फायलिंग'बाबत दक्षता घेण्यास सांगितले होते. ते संदेश पाठवण्याविषयी होते, नूर यांनी त्याचा अर्थ जतन करणे असा घेतला, असे काही अभ्यासक मानतात. एका शब्दाचा अर्थ किती महाग पडू शकतो, हे भाषेचे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

चौकशीत नूर यांनी सहकाऱ्यांची माहिती दिली नाही. तरी त्या वहीच्या आधारे जर्मनांनी त्यांच्याच यंत्रावरून, त्यांच्या नावाने, लंडनशी संपर्क चालू ठेवला. लंडनला तो बराच काळ खरा वाटला. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस फ्रान्स आंतेल्म, लायनेल ली आणि मादलेन दामेर्माँ हे तीन हेर हवाई छत्रीने उतरले, तेव्हा खाली जर्मन त्यांची वाट पाहत होते. या चुकीचा दोष एकट्या नूर यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. धोक्याच्या खुणांकडे काणाडोळा करणारे लंडनमधील अधिकारी त्याला अधिक जबाबदार होते.

पॅरिसच्या ८४, अव्हेन्यू फॉश येथील कोठडीतून नूर यांनी दोनदा पलायनाचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी, २५ नोव्हेंबर रोजी, त्या दोन सहकैद्यांसह छपरावर पोहोचल्याही होत्या. त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, कोठड्या तपासण्यात आल्या आणि तिघेही पकडले गेले. पुन्हा पळणार नाही असे लिहून देण्यास नकार दिल्यावर त्यांची रवानगी जर्मनीतील फोर्त्सहाइम तुरुंगात करण्यात आली. तेथे सुमारे दहा महिने त्या एकांतवासात, साखळदंडांत होत्या.

१३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउ छळछावणीत त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले. त्यांचे वय तीस वर्षांचे होते. त्यांच्यासोबत आणखी तीन महिला हेरांना ठार करण्यात आले. नूर यांच्या नावाने गेलेल्या खोट्या संदेशांमुळे पकडल्या गेलेल्या मादलेन दामेर्माँ त्यांत होत्या.

युद्धानंतर व्हेरा अॅटकिन्स यांनी बेपत्ता हेरांचा शोध घेतला. नूर यांचा अंत नात्सवायलर छावणीत झाला, असा त्यांचा आधी समज झाला होता. कुटुंबालाही तसेच कळवण्यात आले. दाखाउचे सत्य नंतर उघड झाले. ५ एप्रिल १९४९ रोजी नूर यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. लंडनमधील ४, टॅव्हिटन स्ट्रीट हे त्यांचे फ्रान्सला जाण्यापूर्वीचे निवासस्थान. २८ ऑगस्ट २०२० रोजी तेथे निळा स्मृतिफलक बसवण्यात आला. भारतीय वंशाच्या स्त्रीच्या स्मरणार्थ लंडनमध्ये बसवलेला असा तो पहिलाच फलक होता.