ताराबाई मोडक : अंगणात आलेली शाळा

भगिनींनो, आपली मुले-नातवंडे रोज अंगणवाडीत जातात. पण हे नाव कोणामुळे रूढ झाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून ताराबाई मोडकांविषयी चार शब्द लिहिते.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. मुलींनी शिकणे हेच नवल होते त्या काळात, १९१४ साली, त्या पदवीधर झाल्या. पुढे लग्न झाले, पण संसार टिकला नाही. त्या खचल्या नाहीत. राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. नंतर भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, आणि १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला.

शहरातली मुले शिकू लागली, खेड्यातल्यांचे काय? १९४५ साली ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म आपल्याच पुणे जिल्ह्यातला, मोरगावचा. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊन मुलांना न्हाऊमाखू घालीत, नखे कापीत, मग खेळ आणि गाणी घेत. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने वापरीत. आया दारातून सारे पाहत. शिक्षण आईच्या डोळ्यांदेखत होऊ लागले, तशी तिची भीती गेली. हीच ती अंगणवाडी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. तिथे थोरली मुले धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी राहत. मी स्वतः सातवीनंतर शाळा सोडली ती धाकट्या भावंडांपायी, म्हणून ही अडचण मला नीट कळते. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी काढली. धाकटे पाळण्यात, थोरली वर्गात! गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७३ साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

मात्र नाव राहिले तरी अंगण दूर गेले, असे मला वाटते. आपण मुलाला दारात सोडतो आणि घाईने कामाला लागतो. कांदा काढायला बाहेरगावाहून आलेल्या मजुरांची लेकरे तर बांधावरच बसलेली दिसतात. त्यांच्या आयांना अंगणवाडीचा रस्ता कोण दाखविणार? सेविकाबाई एकट्या कुठे कुठे पुरणार? आपल्यातल्या दोघी-दोघींनी आठवड्यातून एक सकाळ त्यांच्याबरोबर वस्तीवर जावे, त्या आयांशी बोलावे, मुलांना हाताला धरून आणावे. मंडळाने येत्या सभेत एवढे ठरवावे, ही माझी विनंती आहे. माझे नाव पहिले लिहून घ्यावे.