बालगंधर्व : नागठाण्याचा नारायण आणि त्याचे उस्ताद

१५ जुलै ही बालगंधर्वांची पुण्यतिथी. आम्ही विश्रामबागला राहतो. इथून एका बाजूला सांगली, दुसऱ्या बाजूला मिरज. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे आणि मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह. दोन्ही आपल्या रोजच्या वाटेवरची ठिकाणं. पण आपल्या घरातल्या मुलांना विचारलं, बालगंधर्व कोण होते, तर बहुतेक जण गप्प बसतात. मोठी माणसं म्हणतात, नाटक-संगीत हा काही आपला विषय नाही. या माणसाचं आयुष्य नीट वाचलं तर हे म्हणणं टिकत नाही, म्हणून आज हे लिहीत आहोत.

त्यांचं खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यात कृष्णाकाठचं नागठाणे. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी शिक्षणासाठी ते जळगावला नातेवाइकांकडे राहिले. शाळेत फारसं मन रमलं नाही, पण गळा गोड होता. तिथे त्यांना गाण्याची पहिली तालीम मिळाली ती मेहबूबखान यांच्याकडून. पुढे ज्या आवाजाने सगळा महाराष्ट्र वेडा झाला, त्याला सुरांची ओळख एका मुसलमान गवयाने करून दिली होती. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचं गाणं ऐकलं आणि बालगंधर्व हे नाव त्यांनीच दिलं, असं सांगतात.

नारायणाच्या कानाला त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उपचारासाठी त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं. त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारल्यापासून कंपनीला स्त्री भूमिका करणारा तसा गायक मिळत नव्हता. १९०५ मध्ये नारायण कंपनीत आला आणि मिरजेतच शाकुंतल नाटकात शकुंतला म्हणून उभा राहिला. तेव्हा बायका रंगभूमीवर येत नसत, स्त्रियांची कामं पुरुषच करत. कंपनीत त्याला अभिनयाचे धडे देणारे गोविंद बल्लाळ देवल हेही आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे.

गाण्याचे त्यांचे मोठे गुरू म्हणजे भास्करबुवा बखले. बुवा स्वतः फैजमहंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या उस्तादांकडे शिकलेले. वर्षानुवर्षे सेवा करून त्यांनी ही विद्या मिळवली होती. १९१६ साली आलेल्या स्वयंवर नाटकाच्या चाली बुवांच्या. त्यामुळे ज्या पदांना लोक अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणतात, त्यांच्या मुळाशी उस्तादांची तालीम आहे. हिंदू शिष्याने ती मनापासून घेतली आणि मुसलमान उस्तादांनी मनापासून दिली.

१२ मार्च १९११ हा दिवस त्यांच्या आयुष्यात फार कठीण गेला. मुंबईत मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, तेही सांगलीचेच. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करता आला असता. पण लोक जमले होते, कंपनीचा पैसा अडकला होता. पोटच्या पोरीचं दुःख पोटात ठेवून ते भामिनी म्हणून रंगमंचावर गेले आणि गायले. कोणी याला कर्तव्य म्हणेल, कोणी कठोरपणा. आम्हाला तर त्या बापाची कीवच येते.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. हे दोघे पुढे बाहेर पडले, कंपनी बालगंधर्वांनी चालवली. खरे भरजरी शालू, खरी अत्तरं, किमती पडदे. पैसा आला तसा गेला. त्यांच्यासारखी साडी नेसायची, त्यांच्यासारखी फुलं माळायची, असा घरंदाज बायकांमध्ये रिवाज पडला. आणि हाच माणूस १९१९ च्या एकच प्याला नाटकात दारुड्याची बायको सिंधू झाला, तेव्हा फाटक्या लुगड्यात आला. दारूने घर कसं बसतं ते त्या नाटकाने हजारो लोकांना दाखवलं.

८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून संयुक्त मानापमान केलं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. ते असहकार आणि खिलाफतीचे दिवस होते, हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे होते.

त्यांच्या साथीदारांकडे बघा. तबल्यावर मुरादाबादचे उस्ताद अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. थिरकवांची भाषा मराठी नव्हती, पण मराठी पदाचा ठेका त्यांच्या बोटांत बसला होता. हेच थिरकवा पुढे देशातले सर्वांत मोठे तबलजी मानले गेले, १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. बालगंधर्वांनी या कलावंतांची कदर केली आणि कंपनीवर कर्ज असतानाही साथीत काटकसर केली नाही.

मग बोलपट आले. १९३१ ला आलम आरा, १९३२ ला अयोध्येचा राजा. नाटक कंपन्यांचे प्रेक्षक तिकडे वळले आणि गंधर्व मंडळी कर्जात बुडत गेली. बालगंधर्व प्रभात कंपनीत गेले. १९३५ च्या धर्मात्मा चित्रपटात व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. शिवाशिव मोडणाऱ्या संताची ही गोष्ट. पण समोर प्रेक्षक नाहीत, वन्समोअर नाही, तुकड्या-तुकड्याने काम. त्यांचा जीव तिथे रमला नाही. नंतर पडद्यावर मीराबाई झाले, पण पन्नाशीला आलेला पुरुष बाईच्या वेषात कॅमेऱ्याला मानवला नाही. ते परत नाटकाकडे आले.

१९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या, प्रसिद्ध गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या बहीण. बालगंधर्वांची गायकी त्यांनी गळ्यात उतरवली होती. त्या स्त्री भूमिका करू लागल्या आणि बालगंधर्व पुरुष भूमिकांकडे वळले. १९४० मध्ये त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. पुढे त्यांनी गोहरबाईंशी लग्न केलं.

इथून लोकांची तोंडं सुटली. बालगंधर्वांची धूळधाण या बाईने केली, असं कित्येकांनी म्हटलं, आजही म्हणतात. पण तारखा बघितल्या तर हिशेब जुळत नाही. कर्ज जुनं होतं, बोलपट आधीच आले होते, बालगंधर्व स्वतः पन्नास वर्षांचे झाले होते. गोहरबाई आल्या तेव्हा वैभव जाऊन चुकलं होतं. त्यांच्या वाट्याला आले ते हलाखीचे दिवस. पुढे बालगंधर्वांचे पाय गेले, ते बसून भजनं गात. त्या काळात त्यांच्यासोबत राहिल्या त्या गोहरबाई. एक तर त्या बाई, त्यातून नाचगाण्यातल्या, त्यातून मुसलमान. दोष देणं सोपं होतं. आपल्या समाजातही त्यांना इज्जतीने आठवणारे फार नाहीत, हेही कबूल करायला हवं.

१९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात बालगंधर्वांनी डोळे मिटले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा पाया १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते घातला गेला होता. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, ते खुलं झालं. ते बघायला ते नव्हते.

आम्ही वर्गात मुलांना एवढंच सांगतो. मेहबूबखान, अल्लादिया खाँ, थिरकवा, कादरबक्ष, गोहरबाई ही नावं काढली तर बालगंधर्वांची गोष्ट अर्धी राहते. आणि नागठाण्याचा नारायण काढला तर या उस्तादांची विद्या मराठी घराघरात गेलीच नसती. पुढच्या वेळी मिरजेत त्या नाट्यगृहावरून जाल, तेव्हा सोबतच्या मुलांना गाडी थांबवून ही नावं सांगा. दोन मिनिटं लागतील.