सुरगावचे सफाईव्रत

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. गीताईकार विनोबा भावे यांनी ही पूजा वर्धा जिल्ह्यातील सुरगावच्या वाटांवर मांडली. १९४६ पासून ते पवनारहून फावडे खांद्यावर घेऊन रोज तीन मैल चालत जात आणि रस्त्याकडेचा मैला स्वतः उचलीत. उघड्या मैल्यावरूनच माश्या व पावसाचे पाणी रोग घरोघर नेतात. मातीआड त्याचे सोनखत होते. एकदा पुराने वाट अडली. विनोबांनी पलीकडच्या गावकऱ्याला हाक मारून देवळातील देवाला निरोप धाडला. गावचा सफाईवाला येऊन गेला, एवढाच. बाबाजी आले होते असे सांगू नये, हेही बजावले. गांधीजींच्या हत्येनंतर हा क्रम थांबला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, पवनारला विनोबांनी देह ठेवला.