चार्टर्ड अकाउंटंट ते मगनवाडी : टाकाऊचा हिशोब मांडणारे जे. सी. कुमारप्पा

वर्धा म्हटलं की सेवाग्राम आणि पवनार आठवतं. मगनवाडीचं नाव मात्र पटकन कोणी घेत नाही. आज कचऱ्यापासून टिकाऊ वस्तू बनवण्याची जी चर्चा चालते, ती या वाडीत नव्वद वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. तिच्यामागचा माणूस होता जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

4 जानेवारी 1892 रोजी तंजावरच्या एका ख्रिश्चन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये ते हिशेबनीस झाले, मुंबईत त्यांची स्वतःची फर्म होती. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकताना, इंग्रजी राजवटीत भारत गरीब का झाला याचा त्यांनी अभ्यास केला. 1929 साली गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटातले कुमारप्पा खादीत आले.

1934 च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिलं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी नाव पडलं. संघाचं काम कुमारप्पांवर आलं.

इथे नेमकं काय चालायचं?

चिंध्या आणि रद्दी भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा. तो चाळणीवर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा की हातकागद तयार! संघाचं 'ग्रामोद्योग पत्रिका' हे मासिक अशाच कागदावर निघायचं. रॉकेल बाहेरून विकत घ्यावं लागतं, म्हणून गावच्या घाणीच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' बनवला गेला. शेणाचं आणि मैल्याचं खत करण्यावरही भर होता. जवळच नालवाडीत चर्मालय होतं. मेलेल्या जनावराचं कातडं कमवायचं आणि हाडांचं खत करायचं, म्हणजे काहीच वाया जात नाही. ज्या कामामुळे माणसांना अस्पृश्य ठरवलं गेलं, तेच काम इथे शिकण्याजोगा धंदा मानलं गेलं.

यामागे हिशोबनिसाचं साधं गणित होतं. कोळसा, खनिज तेल, धातू म्हणजे साठवलेली पुंजी. ती खर्चली की संपली. झाडं, पिकं, शेण ही मात्र दरवर्षीची मिळकत. शहाणा माणूस मिळकतीवर जगतो, पुंजी मोडत नाही. 1942 च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी हाच विचार 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात मांडला.

पण स्वतंत्र भारताने वेगळी वाट धरली. मोठी धरणं, मोठे कारखाने हाच विकास ठरला. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. 1949 साली समितीचा अहवाल आला, पण त्यातल्या बऱ्याच शिफारशी कागदावरच राहिल्या. कुमारप्पा एकटे पडत गेले. वर्ध्याजवळ सेलडोहला त्यांनी शेतीचा आश्रम काढून पाहिला. शेवटची वर्षं मदुराईकडच्या कल्लुपट्टीत गेली.

30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचं निधन झालं.

गांधीजींच्या हस्ते 1938 साली सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. सेवाग्रामला जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करून तेही बघा. आपण कचरा झाल्यावर त्याचं काय करायचं ते विचारतो. कुमारप्पा आधी विचारायचे, की तो होऊच का द्यायचा?